एका इकाम्यावरचा ताप

२० ऑगस्ट २०१३, मंगळवार. अल सुलै, रियाध

आज माझ्या खुर्चीला खुर्ची लागली. तिच्यावर मिशारी नावाचा एक सौदी तरुण येऊन बसला, अत्तराचा घमघमाट, हातात दोन फोन. मॅनेजर म्हणाले, "ओतूरकर, टीच हिम एव्हरीथिंग." म्हणजे वर्षअखेर ही खुर्ची त्याची आणि मी नाशिकला. सौदीकरण सौदीकरण म्हणून जे गेले काही महिने पेपरात वाचत होतो ते आज मांडीला मांडी लावून बसलं.

त्याला काय शिकवायचं? हा भाग म्हणजे गोदामं, ट्रकांचे तळ आणि मजुरांच्या खोल्या. मी आलो तेव्हा पॉलिक्लिनिकच्या मागे नुसती वाळू होती, आज तिथे खोल्यांच्या रांगा आहेत. कुठला ताप किती जणांना, जुलाब किती, मृत्यू किती, हे दर महिन्याला मोजून आरोग्य खात्याला कळवायचं हे माझं काम. नाशिकला जिल्हा परिषदेच्या हिवताप विभागात हेच केलं. फरक एवढाच की इथे जन्माच्या रकान्यात कायम शून्य. सगळे पुरुष, बायका देशात. मिशारी त्या शून्याकडे बघत म्हणाला, "मग इथे माणसं वाढतात कशी?" मी म्हटलं, विमानाने.

२७ ऑगस्ट, मंगळवार

मिशारीला दुबार नोंदी काढायला शिकवलं. हा माझा हातखंडा. एकाच इकाम्याच्या, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्याच्या कार्डाच्या, नंबरावर एका महिन्यात चार वेळा ताप नोंदला असेल तर तो एकच रुग्ण, उरलेल्या तीन ओळी खोडायच्या. नाशिकला एकेक म्हातारा तीन दवाखाने फिरायचा आणि कागदावर तिघं आजारी पडायचे. साथ नसताना साथ दिसायची आणि वरून शिव्या आम्हाला.

मिशारीने विचारलं, "पण हा माणूस सोमवारी आला, मंगळवारी आला, गुरुवारी परत आला. दर वेळी पहिल्यांदा आल्यासारखा?" मी म्हटलं, बाबा रे, रिसेप्शनवर बसलेल्यांना तेवढी अक्कल असती तर मला इथे कोण ठेवतं? खोड. तापाची यादी निम्म्यावर आली. असं स्वच्छ पान बघितलं की मला बरं वाटतं, हे माझ्या बायकोला, विद्याला, कधी पटलं नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार

जमालभाईंनी सुरमई केली. जमालुद्दीन परकार, आमच्या क्लिनिकच्या व्हॅनचे ड्रायव्हर, हर्णैचे. दोन वर्षं आम्ही एका खोलीत आहोत. मी आधी मासे खात नव्हतो, आता काटे काढून देणाऱ्याची वाट बघतो. शुक्रवारी त्यांचा भाचा शारीक जेवायला येतो. पोरगं गोड आहे. दम्मामच्या कफीलने, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाने, दुकानात नोकरी म्हणून आणलं आणि बकऱ्या राखायला वाळवंटात टाकलं. तिथून पळून आलं. आता गोदामात माल उतरवतो, मागच्या खोल्यांत राहतो, ना इकामा ना पासपोर्ट. सरकारने तीन नोव्हेंबरपर्यंत मोहलत दिली आहे, तोवर असे लोक दंड न भरता देशात जाऊ शकतात. नंतर धरपकड. दूतावासातून आउटपास, म्हणजे पासपोर्टऐवजीचा परतीचा कागद, मिळाला की तो निघणार.

"आकडेवाले काका," मला म्हणतो, "मी गेलो की तुमच्या यादीतून एक कमी करा."

"तू यादीत आहेसच कुठे?" मी म्हटलं. खूप हसला. जमालभाई नाही हसले. माशाचा काटा लागला असेल.

९ सप्टेंबर, सोमवार

चतुर्थी. संध्याकाळी विद्याने फोनवर आरती ऐकवली. आवाज अगदी बारीक ठेवून ऐकली, इथे पूजा-आरती चालत नाही. जमालभाई दाराबाहेर जाऊन उभे राहिले. कोणी आलं तर खोकणार होते. कोणी आलं नाही. आत आल्यावर म्हणाले, "झाला भाऊ? गोड काय ते खावा आता." घरी बोलवायला हवं यांना एकदा.

१७ सप्टेंबर, मंगळवार

जमालभाईंचं लक्ष थाऱ्यावर नाही. काल सकाळी इकामा खोलीत विसरले म्हणाले आणि दिवसभर तसेच व्हॅन चालवत होते. नाक्यानाक्यावर तपासणी चालू आहे! मी झापलं, "पकडलं तर सरळ तुरुंग आहे." "होय, चुकला माझा," म्हणाले. खोलीत असता तर सापडला असता, पण मी शोधला तेव्हा नव्हता.

शिवाय हल्ली पेज करून डब्यात भरून नेतात. पोट बिघडलंय का विचारलं तर नाही म्हणाले, आणि रात्री माझ्यापेक्षा एक चपाती जास्त खाल्ली. आज जेवताना सहज विचारत होते, "रक्ताची ती मोठी तपासणी, कल्चर का काय, तिचा रिपोर्ट किती दिवसांनी येता?" चार-पाच दिवस तरी, मी म्हटलं. "आणि तोवर डॉक्टर काय देतात?" तोवर तापाची गोळी. सॅम्पल पोचवून पोचवून त्यांना वैद्यकात गोडी लागलेली दिसते.

२२ सप्टेंबर, रविवार

आज एक चांगलं काम केलं, ते इथेच लिहितो, कारण ज्याच्यासाठी केलं त्याला सांगणार नाही.

लॅबचे रिपोर्ट आले. पॉझिटिव्ह असेल त्या पेशंटला फोन करणं माझं काम. त्यात एक टायफॉइड पॉझिटिव्ह: जमालुद्दीन परकार! मी खुर्चीतून पडायचाच बाकी होतो. हा माणूस सकाळी माझ्यासमोर तीन अंडी खाऊन कामाला गेला. काय झालं असणार ते लगेच लक्षात आलं. सॅम्पल घेऊन जातो ड्रायव्हर, रिसेप्शनच्या दिवट्याने पेशंटच्या जागी ड्रायव्हरचा नंबर टाकला. मिशारी म्हणाला, "त्याला विचारू या का?" मी म्हटलं, काही नको. पुढच्या महिन्यात त्यांच्या इकाम्याचं नूतनीकरण आहे, त्यासाठी मेडिकल लागतं. आजकाल परदेशी माणसाला घालवायला निमित्तच हवं असतं. फाइलवर टायफॉइड राहिला तर झालंच. आणि विचारलं तर ते घाबरून आठवडाभर झोपणार नाहीत. नोंदीवर 'रद्द, चुकीची नोंद' असं लिहिलं, सही केली.

मग खरा पेशंट कोण, हा प्रश्न आला मनात. ताप उतरला नाही तर येईल परत, सगळे येतात.

२८ सप्टेंबर, शनिवार

आजचं आजच लिहितो.

सुट्टीचा दिवस. दुपारी जमालभाई धावत आले, "भाऊ, चला, शारीक पडलाय." मागच्या खोल्यांत मी आज पहिल्यांदा गेलो. ज्यांचा ताप मी इतकी वर्षं मोजतो त्यांची खोली मी पाहिली नव्हती. आठ खाटा, शारीक कोपऱ्यातल्या खाटेवर, पोट फळीसारखं कडक, डोळे आत गेलेले. मला बघून म्हणाला, "काका, सुट्टीच्या दिवशी कशाला आलात?"

दोघांनी उचलून व्हॅनमध्ये घातला, सरकारी इस्पितळात नेला. खिडकीवरच्या माणसाने इकामा मागितला. जमालभाईंनी खिशातून स्वतःचा काढला आणि दिला. खिडकीवरच्याने कार्डाकडे पाहिलं, स्ट्रेचरकडे पाहिलं. कार्डावरचा फोटो जुना. दाढी तीच, नाक तेच. नाव टाइप झालं.

मला तिथेच समजलं. सगळंच एकदम समजलं. पेज कुणाची, कार्ड कुठे होतं, तो ताप कुणाचा.

मी धावत आत गेलो आणि डॉक्टरांना इंग्रजीत सांगितलं, टायफॉइड आहे, कल्चर पॉझिटिव्ह आहे. ते म्हणाले, उपचार कधी सुरू केले? मी म्हटलं, नाहीत केले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नर्सला हाक मारली. आतड्याला भोक पडलंय. ऑपरेशन.

बाहेर जमालभाईंनी माझा हात धरला. "भाऊ, तुम्ही कसा ओळखलात?"

मी म्हणालो, "लक्षणांवरून."

२९ सप्टेंबर, रविवार

ऑपरेशन झालं. शुद्ध नाही.

व्हरांड्यात जमालभाईंनी सगळं सांगितलं. "मी एकटाच नाय भाऊ, सगळेच करतात. ज्याच्याजवळ कार्ड असेल त्याच्या कार्डावर अख्खी खोली औषध आणते. रिसेप्शनवाल्यांना ठाऊक हाय, ते बघून सोडतात. नायतर काय करतील? मरतील?" क्लिनिकला गेलो आणि गेल्या तीन महिन्यांच्या खोडलेल्या ओळी उघडल्या. दुबार नव्हत्या त्या. माणसं होती. चार वेळा ताप येणारा एक नव्हता, चौघं होते. मी साथ खोडत बसलो होतो, अगदी मन लावून.

मिशारी सगळं बघत होता. मला वाटलं, आता म्हणेल की मी विचारलं होतं. तो म्हणाला, "आपण परत मोजू या," आणि खुर्ची जवळ ओढली. सगळ्या ओळी परत घातल्या, नावं न देता फक्त आकडे खात्याला पाठवले. साथ आहे असं स्पष्ट लिहिलं.

एका नोंदीला मात्र मी हात लावला नाही. 'रद्द' तिथेच आहे, खाली माझी सही.

१ ऑक्टोबर, मंगळवार

खात्याची माणसं येऊन गेली. खोल्यांची पाण्याची टाकी बंद केली, बाहेरून टँकर. तीन महिन्यांपूर्वी होऊ शकलं असतं हे.

जमालभाई फोनवर बहिणीशी, आमिनाशी, बोलत होते. फोन मुद्दाम माझ्यासमोर मोठ्याने लावला. "आमच्या भाऊंनी ओळखला आजार. डॉक्टरच्या आधी! नायतर पोरगा गेलाच होता." पलीकडून ती बाई मला दुआ देत होती. मी 'हो, हो' म्हणत राहिलो. जीभ का झडली नाही माझी.

२ ऑक्टोबर, बुधवार

शारीक सकाळी गेला.

३ ऑक्टोबर, गुरुवार

कागदावर जमालुद्दीन परकार वारले आहेत. जमालुद्दीन परकार माझ्यासमोर खाटेवर बसून भिंतीकडे बघताहेत.

संध्याकाळी कादिर आला. हा आमच्या क्लिनिकचा सरकारी कागदपत्रं बघणारा, केरळचा. शारीकचा आउटपासचा अर्जही त्यानेच भरला होता. माणूस वाईट नाही. दार लावून घेतलं आणि हिंदीत हळूहळू समजावलं. "देखो जमालभाई, जो हुआ सो हुआ. कार्ड दिया, ये जुर्म है. बोलोगे तो अंदर जाओगे, फिर हमेशा के लिए बंदी. चुप रहोगे तो सब साफ है. मय्यत तुम्हारे नाम से दफन हो जाएगी. शारीक का आउटपास परसों आ गया है, मेरे पास है. उसपे तुम निकल जाओ. मामा-भांजा एक जैसे दिखते हो."

मी ऐकत होतो आणि माझ्या डोक्यातला आकडेवाला बेशरमपणे हिशेब लावत होता. एक मेला, एक देशात गेला. बेरीज बरोबर येते. माझ्यासाठीही बरोबर येते. जमालुद्दीनला टायफॉइड झाला, जमालुद्दीन वारला, कोण विचारतोय मधल्या एका खोडलेल्या नोंदीचं.

जमालभाई म्हणाले, "विचार करतो."

४ ऑक्टोबर, शुक्रवार

आमिनाला अजून सांगितलेलं नाही. सकाळी तिचा फोन आला. आउटपास आल्याचं कुणीतरी तिला कळवलं होतं, शारीकच्याच मित्राने असेल. ती विचारत होती, कुठल्या विमानाने येतोय, मुंबईला घ्यायला कोणी जायचं, अंगात ताकद असेल ना गाडीतून यायला. जमालभाई म्हणाले, "सांगतो, सांगतो," आणि फोन ठेवला.

मग बराच वेळ माझ्याशी बोलले, म्हणजे भिंतीशीच. "त्या आउटपासवर मी उतरलो, तर ती दारात उभी असेल. तिला काय बोलू? हा बघ तुझा शारीक, दाढी पिकलेला? आणि इथे कबरीवर माझा नाव. जियारतीला कोण आला तर माझ्यासाठी दुआ मागेल. पोरासाठी कोण मागेल?"

मी म्हणालो, "तुरुंगात जाल."

"जाईन. मारून तर टाकणार नाय." मग माझ्याकडे वळले. "भाऊ, मेलेला मी नाय, तो शारीक, हे सांगायला साक्षीदार लागेल. इथे आम्हा दोघांना ओळखणारा, कार्डवाला, तुमच्याशिवाय कोण हाय? याल?"

येतो म्हणालो. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. मला ते हात सोडवून घ्यावेसे वाटले.

दुपारी त्यांनी आमिनाला फोन करून खरं सांगितलं. मी खोलीबाहेर उभा होतो. तिचा आवाज दारातून येत होता.

५ ऑक्टोबर, शनिवार

दिवसभर स्वतःशी भांडतोय. उद्या पोलीस ठाण्यात साक्ष ओळखीची द्यायची आहे. हा जमालुद्दीन, तो शारीक, एवढंच. रिपोर्टचं कुणी विचारणार नाही. न विचारलेलं सांगायचं कशाला? सांगून पोरगा परत येणार आहे? उलट या माणसाच्या डोक्यावर आणखी एक दगड. आधीच बहीण, तुरुंग, हद्दपारी. त्यांच्या भल्यासाठीच गप्प बसावं.

'त्यांच्या भल्यासाठी' हे लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. हेच कारण मी त्या रविवारीही दिलं होतं.

विद्याला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, त्यांना कधीतरी कळलंच ना, तर ते तुमच्याकडूनच कळलेलं बरं."

६ ऑक्टोबर, रविवार

मिशारी दुभाषा म्हणून आपण होऊन आला. माझी अरबी भाजी घेण्यापुरती. मी इंग्रजीत बोलायचं, त्याने अरबीत सांगायचं असं ठरलं.

अधिकारी वयस्क होते, ओरडले नाहीत. जमालभाईंनी पंधरा-सोळा वर्षं इथे राहून शिकलेल्या अरबीत सगळं स्वतःच सांगितलं, कार्ड दिलं, दोनदा दिलं, हेही. मग माझी पाळी. मेलेला मुलगा कोण, हा माणूस कोण, किती वर्षं ओळखता. मी उत्तरं दिली. जबाब लिहून झाला, कागद माझ्यासमोर सरकवला, पेन दिलं.

मी म्हणालो, "देअर इज वन मोअर थिंग."

खरं सांगायचं तर इंग्रजीचा मला आधार वाटला होता. जमालभाईंना इंग्रजी येत नाही. मला वाटलं, इथे सांगून टाकू, जड ओझं उतरेल, त्यांना नंतर कधीतरी नीट, हळूच सांगू. मी सांगत गेलो: बावीस तारखेला रिपोर्ट आला होता, पॉझिटिव्ह होता, फोन करणं माझं काम होतं, मी केला नाही, नोंद रद्द केली. जमालभाई माझ्या बाजूला बसून मान हलवत होते. भाऊ आपल्यासाठी काहीतरी चांगलं सांगताहेत असंच त्यांना वाटत असणार.

मग मिशारीने ते अरबीत सांगायला सुरुवात केली. अरबी जमालभाईंना कळते, ही एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. मिशारीच्याही दोन वाक्यांनंतर आली असावी, कारण तो थांबला आणि माझ्याकडे बघू लागला. अधिकारी म्हणाले, पुढे. त्याने खाली बघत पुरं केलं.

जमालभाईंची मान हलायची थांबली होती. ते माझ्याकडे वळले.

"कुठला दिवस बोललात?"

"रविवार. बावीस."

"रविवारी पोरगा कामाला उभा होता," ते म्हणाले. "संध्याकाळी चालत आला माझ्याकडे, व्हॅनपाशी. विचारलान, मामू, रिपोर्ट आला काय? मी बोललो, आला असता तर भाऊ बोलले असते."

मी काहीतरी म्हणालो. काय म्हणालो ते आठवत नाही. तुमच्या इकाम्यासाठी, असं काहीतरी असेल.

अधिकाऱ्यांनी विचारलं, या माणसाविरुद्ध तक्रार नोंदवायची आहे का. अरबीत विचारलं, पण एवढं मलाही कळलं. जमालभाई मिशारीला म्हणाले, मराठीतच म्हणाले, त्याला कळणार नाही हेही त्यांच्या ध्यानात नव्हतं, "साहेबांना बोल, आधी माझ्या पोराचा नाव बरोबर लिवा. ह्याचा मागनं बघू."

मिशारीने माझ्याकडे पाहिलं. ते वाक्य अरबीत नेण्याआधी इंग्रजीत आणायला तिथे मीच होतो. मी जसंच्या तसं सांगितलं, 'ह्याचा' सकट.

अधिकाऱ्यांनी नवा कागद घेतला. जमालभाईंनी नाव सांगितलं, शारीक, बापाचं नाव हुसेनमियाँ, गाव हर्णै, आणि प्रत्येक शब्द लिहून होईपर्यंत पेनाच्या टोकाकडे बघत राहिले.